खाणीत उतरलेल्या बायकांची हजेरी कुठे आहे? वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉयलला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक, वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, कोल इस्टेट, सिव्हिल लाइन्स, नागपूर
मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक, मॉयल लिमिटेड, मॉयल भवन, काटोल रोड, नागपूर

विषय: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मध्य प्रांतातल्या कोळसा आणि मँगनीजच्या खाणींत काम केलेल्या स्त्रियांच्या नोंदी शोधून लोकांसाठी खुल्या करण्याबाबत

महोदय,

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र पुढे वाचायचं की खालच्या टेबलावर सरकवायचं ते तुम्हाला ठरवता येईल. १९३९ ते १९४६ या काळातले, बायकांची नावं असलेले जे काही कागद तुमच्या खाणींच्या जुन्या कपाटांत आणि गोदामांत उरले असतील, म्हणजे हजेरीपट, पगारपत्रकं, अपघाताच्या नोंदवह्या, भरपाईच्या फायली, ते शोधा. त्यांचे नीट फोटो काढून घ्या आणि मूळ कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात द्या, जिथे कुणालाही बसून ते वाचता येतील. एवढंच मागणं आहे. बाकीचं पत्र हे कशासाठी, ते सांगायला.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. वर्धा खोऱ्यातल्या एका कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि आता नागपुरात मानेवाड्याला राहते. हजेरी मांडणं हेच माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे कुणाची हजेरी राहून गेली की मला चैन पडत नाही, ही सवय म्हणा किंवा खोड म्हणा.

महिला दिन आला, विजय दिवस आला की आपल्या शहरात ‘युद्धकाळातील स्त्रिया’ या विषयावर एखादं तरी भाषण होतं. बाही वर सारून दंड दाखवणारी ती अमेरिकन पोस्टरवरची बाई पडद्यावर येते. विमानं जुळवणाऱ्या इंग्रज मुली येतात. आपल्याकडच्या म्हणून भुजजवळच्या माधापरच्या बायका येतात. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी उखडली आणि गावातल्या सुमारे तीनशे बायकांनी ती तीन दिवसांत पुन्हा उभी केली. मग सभागृहातल्या ज्येष्ठ बायका आपापल्या आठवणी सांगतात. १९६२ ला संरक्षण निधीत टाकलेल्या बांगड्या, ६५ आणि ७१ ला खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले कागद, जवानांसाठी विणलेले स्वेटर. हे सगळं खरं आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण ज्या शहरात बसून आपण हे ऐकतो, त्या शहरातून ज्या प्रांताचा कारभार चालायचा, तिथल्या हजारो बायका त्याच महायुद्धाच्या काळात कोळसा आणि मँगनीज काढत होत्या. त्यांचा उल्लेख मी तरी अशा एकाही व्यासपीठावरून ऐकलेला नाही.

आधी कोळशाचं सांगते, कारण ते मला जास्त कळतं.

जुन्या पद्धतीत कोळशाचं काम जोडीचं असायचं. नवरा पहार घेऊन कोळसा पाडायचा, बायको तो टोपलीत भरून डोक्यावर घेऊन टबापर्यंत, म्हणजे रुळांवरच्या छोट्या डब्यापर्यंत, न्यायची आणि टब भरायची. पैसे टबावर. दोघांपैकी एकाने घरी बसायचं म्हटलं तर टब अर्धेच भरायचे, इतकं ते गणित सोपं होतं. तान्ही मुलंही कित्येकदा सोबत खाली जायची, आणि ती रडू नयेत म्हणून त्यांना अफूचं बोट चाटवायची पद्धत देशभरातल्या खाणपट्ट्यांत होती. हे सगळं थांबवायला हवं होतंच. म्हणून १९२९ साली सरकारने नियम केले, भूमिगत कामावरच्या बायका दरवर्षी थोड्या थोड्या कमी करत न्यायच्या ठरल्या आणि १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावायचं नाही हा १९३५ चा आंतरराष्ट्रीय करारही भारताने १९३८ मध्ये मान्य केला. कागद एकदम चोख झाला. बंदीने घरातली निम्मी मिळकत गेली, त्याचं काय करायचं ते मात्र त्या कागदावर नव्हतं.

मग युद्ध आलं. रेल्वे कोळशावर, पोलाद कोळशावर, गिरण्या आणि वीजघरं कोळशावर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) आणि बंगाल-नागपूर, दोन्ही रेल्वे आपल्या नागपुरात मिळायच्या. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडल्यावर पूर्वेकडच्या आघाडीसाठी गाड्यांची रीघ लागली. आणि नेमका तेव्हाच खाणींवरचा मजूर पळाला, कारण विमानतळ, छावण्या आणि लष्करी रस्त्यांच्या कामांवर ठेकेदार जास्त मजुरी देत होते. दिवसाउजेडी, उघड्यावर काम आणि पैसेही जास्त, तर खाली कोण जाईल? कोळशाचं उत्पादन घसरलं. सरकारने मजुरी वाढवून माणसं परत आणायच्या आधी सोपा रस्ता धरला आणि बायकांवरची बंदी उठवली. ती सगळ्यात आधी कुठे उठली, तर आपल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, १९४३ च्या ऑगस्टमध्ये. बंगाल-बिहारला ती सवलत त्यानंतर मिळाली.

म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या साहेबांनो, पेंच-कन्हान आणि चांद्याकडच्या ज्या पट्ट्यांचा कारभार आज तुमच्या सिव्हिल लाइन्सच्या इमारतीतून चालतो, युद्धासाठी बायकांना पुन्हा खाली उतरवायची सुरुवात त्याच प्रांतातून झाली.

आता यातली एक गोष्ट मला अजूनही खटकते, म्हणून थोडी थांबते. ज्या सरकारने हे केलं त्याच्या स्वतःच्या देशात बायकांना खाणीत उतरवायला १८४२ पासून मनाई होती. युद्धात इंग्लंडलाही कोळसा कमी पडला. तिथे त्यांनी काय केलं? १९४३ च्या डिसेंबरात सैन्यात भरती होणाऱ्या तरुण मुलांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि साधारण दहातल्या एकाला बंदुकीऐवजी खाणीत धाडलं. मजूरमंत्री बेव्हिन यांच्या नावावरून ती मुलं ‘बेव्हिन बॉइज’ म्हणून ओळखली जातात. आपल्या बायका खाली पाठवायचा विचार तिथे कुणाच्या मनात आला नाही. इथे मात्र त्याच वर्षी तो विचार आला, मंजूर झाला आणि अंमलातही आला. त्या बेव्हिन बॉइजना कित्येक दशकं कुणी विचारलं नाही, पण २००८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सन्मानाचा बिल्ला दिला. लंडनमध्ये व्हाइटहॉलला २००५ पासून दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांचं स्मारक उभं आहे. त्यात चेहरा एकही नाही, खुंटीला टांगलेले कामाचे सतरा पोशाख आहेत. आपल्या रेजांची, म्हणजे खाणीतल्या मजूर बायकांची, एखादी टोपली तरी कुठे जपून ठेवली असेल का?

या बंदी उठवण्यावर मध्यवर्ती कायदेमंडळात वाद झाला, ८ फेब्रुवारी १९४४ ला. विरोधात उभ्या राहिल्या रेणुका राय, अखिल भारतीय महिला परिषदेच्या. म्हणणं असं की मजूर हवे असतील तर पुरुषांची मजुरी वाढवा, बायकांना पुन्हा त्या काळोखात ढकलू नका. सरकारच्या वतीने उत्तर द्यायला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, कारण व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी हा निर्णय चांगला आहे असं म्हटलं नाही, निकड म्हणून केलाय असं म्हटलं. सक्ती नाही. साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बोगद्यात बायकांना काम द्यायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, की समान कामाला समान वेतन, मग करणारा बाई असो की पुरुष, हे तत्त्व एखाद्या उद्योगात मान्य होण्याची ही पहिलीच वेळ आहे.

समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ ला झाला. त्याच्या बत्तीस वर्षं आधी हे तत्त्व कोळसा खाणीतल्या बाईसाठी सभागृहात बोललं गेलं होतं. हे नागपूरला ठाऊक असायला नको का? जुलै १९४२ मध्ये याच शहरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली. हजारो बायका आल्या होत्या. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, इजा झाली तर भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावं, असे ठराव तिथे झाले. बाबासाहेब त्या परिषदेत बोलले होते, आणि मजूर खातंही त्यांच्याकडे त्याच सुमारास आलं. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांच्यातल्या किती जणांना हे कुणी सांगितलं असेल?

रेणुकाबाई बरोबर की बाबासाहेब, असं मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. बाईला जीव धोक्यात घालून खाली उतरायला लागू नये, हे खरं. आणि उतरणारच आहे तर तिला पुरुषाइतके पैसे मिळावेत, हेही खरं. फक्त त्या दिवशी सभागृहात खाली उतरणारी बाई कुणी नव्हती. तिला काय हवं होतं, हे आजही आपण अंदाजानेच बोलतो. आणि तत्त्व मान्य झालं म्हणून पैसे हातात पडले, असंही समजू नका. मी टाइम ऑफिसातली बाई आहे. टबावर मजुरी असली की जोडीचा हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर चढतो. समान वेतन कागदावर, आणि खिडकीवर पैसे घेणारा हात एकच.

१ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत आली. युद्ध संपलं होतं, निकड संपली होती. खाणींवर पाळणाघरं काढायचे नियम आले तेही १९४६ मध्येच. बायका वर आल्यावर.

इथे कुणी म्हणेल, ते तर इंग्रजांचं युद्ध. आपल्या बायकांनी इंग्रजांसाठी कोळसा भरला याचा कसला गौरव? हा प्रश्न नागपुरात तर यायलाच हवा. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी आणि चिमूर पेटलं, चिमूरला पोलीस आणि लष्कराने बायकांवर अत्याचार केले. नागपूरच्या अनसूयाबाई काळे तिकडे गेल्या, बायकांच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं, आणि पुढे फाशीची शिक्षा झालेल्या मुलांना वाचवण्यासाठी झटल्या. याच प्रांतात एकीकडे हे चाललं होतं आणि एकीकडे रेजा खाली उतरत होत्या. मला यात विरोध दिसत नाही. रेजा टोपली उचलत होती ती साम्राज्यासाठी नाही, देशासाठीही नाही. घरात ज्वारी नव्हती, महागाई आभाळाला भिडली होती, त्यासाठी. म्हणून ‘वीरांगना’ हा शब्द मी तिच्यासाठी वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नका. तिने काम केलं, एवढंच म्हणा. केलेल्या कामाची नोंद लागतेच.

आता मॉयल. मँगनीजचं मला कोळशाइतकं कळत नाही, पण मनसर-कांद्रीच्या बाजूला माझं माहेर, त्यामुळे ढिगाऱ्यावर हातोडी घेऊन बसलेल्या बायका लहानपणी पाहिल्यात. तुमची कंपनी १९६२ ची. त्याआधी या खाणी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर या विलायती कंपनीच्या होत्या. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, भरवेली, ही सगळी नावं तेव्हापासूनची. मँगनीज नसेल तर पोलाद होत नाही. वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू आणि गंधक ओढून घ्यायला ते लागतंच, आणि जास्त प्रमाणात घातलं तर इतकं चिवट पोलाद होतं की इंग्रज शिपायाच्या डोक्यावरचं टोप त्याचंच बनायचं. म्हणून युद्धात त्याला भाव.

ते वर कसं यायचं, तर पुरुष सुरुंग लावून दगड फोडायचे आणि बायका तो दगड उन्हात बसून हातोडीने बारीक करायच्या. चांगला माल वजनाने कळतो, हातात घेतला की जड लागतो, आणि फुटलेल्या बाजूला काळा चमकतो. पोकळ किंवा तांबूस दिसला की बाजूला. हे शिकवायला कुठली शाळा नव्हती. एका बाईच्या हाताखालून दिवसाला किती दगड जायचे, आणि त्यातला खराब माल डब्यात गेला तर पैसे कोणाचे कापले जायचे, हे मी सांगायला नको. ही धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चाल अडखळते, चेहरा ताठरतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळा कारखान्यांत टीएनटी भरणाऱ्या मुलींची कातडी पिवळी पडायची, तर त्यांना कॅनरी पक्ष्याचं नाव मिळालं आणि त्यांच्यावर आज ढीगभर लिहिलेलं सापडतं. आमच्या काळ्या धुळीच्या बायकांच्या वाट्याला टोपणनावही आलं नाही.

महोदय, मी हजेरीबद्दल लिहितेय तर हजेरीचंच सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या खाणीवर जुन्या रेजांपैकी काही जणी अजून सरफेसवर, म्हणजे खाणीच्या वर जमिनीवर, कामाला होत्या. त्यातल्या एकीला सगळी खाण ‘माय’ म्हणायची. पगाराच्या दिवशी अंगठा लावायचा. तिचा अंगठा शाईच्या गादीवर दाबून कागदावर उठवला की नुसता काळा ठिपका यायचा. रेघ एक नाही. कॅशियर वैतागायचा, शाई पुसायचा, डावा घे म्हणायचा, पुन्हा तेच. ती हसायची. “रेघा कोयशानं खाल्ल्या बाप्पा, आता काहून शोधून राह्यले?” शेवटी शेजारी उभ्या असलेल्या कुणाची तरी साक्ष घेऊन पगार निघायचा. तिने खाली काम केलं होतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, लढाईच्या टायमाले उतरलो होतो आम्ही, साऱ्या बायका, मंग साहेबानं वर काढलं. यापलीकडे ती बोलली नाही. तिच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

त्याच खाणीच्या स्टोअरमध्ये जुन्या मालकाच्या काळातल्या काही वह्या होत्या, कापडी पुठ्ठ्याच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यातली एक मी उघडून पाहिली होती. पुरुषांच्या रकान्यात नाव, बापाचं नाव, गाव. बायकांच्या रकान्यात ‘भिवाची बाई’, ‘रामजीची आई’, ‘सदूची सून’. सलग दोन पानं. मधेच कुठेतरी एकदम पूर्ण नाव यायचं, आणि पाहिलं तर ती विधवा असायची. नवरा मेला तेव्हा तिला वहीत स्वतःचं नाव मिळालं. पुढे स्टोअरची साफसफाई निघाली आणि त्या वह्या रद्दीच्या भावात गेल्या.

म्हणून मी आज लिहितेय. सगळीकडे सगळं गेलेलं नसणार.

तुमच्याकडून पहिलं उत्तर काय येईल ते मला माहीत आहे, तीच भाषा मीही आयुष्यभर लिहिली आहे. ‘सदर कालावधीतील अभिलेख उपलब्ध नाहीत.’ खासगी मालकांनी नेले, राष्ट्रीयीकरणाच्या वेळी आले नाहीत, पुरात भिजले. असेलही. पण हजेरीपट गेला म्हणजे नाव गेलं असं होत नाही, आणि कुठे शोधायचं ते मी सांगते.

एक तर बाळंतपणाची वही. खाणीतल्या स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९४१ चा आहे. बाळंतपणाच्या आधी चार आठवडे, नंतर चार, रोज आठ आणे. हे पैसे द्यायचे तर कुणाला, कधी आणि किती दिले ते लिहावंच लागायचं, आणि बाळंतपणाचे पैसे ‘भिवाच्या’ नावावर काढता येत नाहीत. तिथे बाईचं नाव सापडायची शक्यता सगळ्यात जास्त. दुसरं, अपघाताच्या भरपाईच्या फायली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, आणि ही प्रकरणं खाणीच्या बाहेर आयुक्तांकडे जायची, म्हणजे कागदाची दुसरी प्रत सरकारी दप्तरात असू शकते. तिसरं म्हणजे भविष्य निर्वाह निधी. कोळसा खाणींचा पीएफ १९४८ ला सुरू झाला. १९४६ ला वर काढलेल्या बायकांपैकी ज्या सरफेसवर टिकल्या, त्यांचे फॉर्म तेव्हा भरले गेले, वय आणि वारसासकट. ते कार्यालयही नागपुरातच आहे. मॉयलकडे विलायती कंपनीचे कागद असायला हवेत, आणि त्या लोकांना वाईट म्हणा, चांगलं म्हणा, कागद जपायची सवय होती. खाणींच्या दवाखान्यांची जुनी रजिस्टरंही बघा.

माणसांकडून ऐकून घ्यायचं तर वेळ फार उरलेला नाही. १९४३ ला जी पंधरा वर्षांची होती ती आज असलीच तर शंभरीला टेकलेली आहे. तिची मुलं मात्र आहेत. परासिया, जुन्नारदेव, घुग्गुस, राजूर, बल्लारपूर इथल्या वसाहतींत सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं बसलेली आहेत, ज्यांच्या आयांनी हे काम केलं. मोबाइलवर आवाज टिपायला दोन चांगल्या मुली आणि एक गाडी पुरेल. तुमच्या सामाजिक दायित्वाच्या निधीत यासाठी वेगळं खातं काढायची गरज पडू नये.

आणि हे सगळं जुनं आहे, त्यात आता कशाला, असं वाटत असेल तर जरा अमरावती रोडने बाहेर जाऊन या. आपल्या शहराभोवती आज देशाचा दारूगोळा तयार होतो. अंबाझरी, भंडाऱ्याचं जवाहरनगर, भद्रावती हे सरकारी कारखाने, आणि भोवताली खासगी. कोळसा खाणींना लागणारी स्फोटकं आणि लष्कराला लागणारा माल याच पट्ट्यात बनतो. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालयसुद्धा नागपुरातच आहे. आणि भरणं, मोजणं, गुंडाळणं, पेटीत लावणं ही कामं कोण करतं? १७ डिसेंबर २०२३ ला सकाळी बाजारगावजवळच्या कारखान्यात पॅकिंगच्या वेळी स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यांतल्या सहा बायका. सहा महिन्यांनी, १३ जून २०२४ ला धामण्याला पुन्हा तेच, आणि पुन्हा मेलेल्यांत बायकाच जास्त. आसपासच्या गावांतल्या मुली, सकाळच्या गाडीने जाणाऱ्या.

५ डिसेंबर १९१६ ला इंग्लंडमध्ये लीड्सजवळ बार्नबोच्या कारखान्यात गोळे भरताना स्फोट झाला होता, पस्तीस बायका गेल्या. युद्ध चालू होतं म्हणून बातमी दाबली. काही तासांत त्याच खोलीत दुसऱ्या बायका कामाला उभ्या राहिल्या. ते देशात उघडपणे सांगितलं जायला युद्ध संपावं लागलं. आपल्याकडे बातमी दाबली जात नाही, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येते, मंत्री येतात, मदत जाहीर होते. आठवड्याने विसरली जाते, एवढाच फरक. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सीमेवर काय वापरलं गेलं आणि त्यातलं नागपूरचं काय होतं, याचा आपल्याला केवढा अभिमान वाटला! वाटायलाच हवा. त्या पेट्या कुणी भरल्या, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तुमच्या कंपन्यांचा त्या कारखान्यांशी संबंध गिऱ्हाइकाचा, हे मला समजतं. म्हणून तिथल्या सुरक्षेचा जाब मी तुम्हाला विचारत नाही, तो विचारायची जागा वेगळी आहे. तुमच्या हातात एवढं नक्की आहे: तुमच्या स्वतःच्या आवारात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या ज्या बायका आहेत, मग त्या झाडलोटीच्या असोत की लोडिंगच्या की बागेतल्या, त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव ठेकेदाराच्या वहीत आहे की नाही हे एकदा तपासा. आजही ‘महिला मजूर ६’ असं लिहून हजेरी पाठवणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. बिल पास होतं.

कोळसा उद्योगात राष्ट्रीयीकरणानंतर बायका कमी कमी होत गेल्या. यंत्रं आली हे एक कारण. दुसरं म्हणजे बायकांसाठी काढलेल्या त्या स्वेच्छानिवृत्तीच्या योजना, आईने नोकरी सोडायची आणि मुलाला लावायची. किती तरी घरांत स्वेच्छा कुणाची होती ते आम्ही खिडकीच्या अलीकडून बघायचो. असो. २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांना जमिनीखाली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाला पुन्हा परवानगी दिली, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. आता इंजिनीअर झालेल्या मुली हेल्मेट आणि कॅप लॅम्प लावून खाली जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो, खाली मथळा असतो ‘खाणीत उतरणारी पहिली महिला’. मला त्या मुलींचं मनापासून कौतुक आहे. पण ‘पहिली’ हे खरं नाही, आणि ते खोटं आहे हे त्या मुलींना सांगायचं काम तुमचं आहे. त्यांच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी अर्धा तास द्या आणि सांगा की बाई, तुझ्या आधी इथे कोण कोण उतरलं होतं. नावं असतील तर नावं सांगा.

पुतळा मागत नाही. चौकाला नाव द्या म्हणत नाही, नागपुरात चौक कमी आणि नावं जास्त अशी अवस्था आधीच आहे. तुमच्या दोन्ही इमारतींच्या दारात एखादी भिंत मिळाली तर त्यावर सापडलेली नावं लावा. ‘भिवाची बाई’ एवढंच सापडलं तर तेवढंच लावा, सारवासारव करू नका.

मदत लागली तर मी येऊन बसायला तयार आहे. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरातल्या वह्या मला वाचता येतात, मुकादमांनी स्वतःच्या सोयीने मांडलेले हिशेबही लागतात, आणि कुठल्या खाणीचं दप्तर पुढे कुठल्या एरियात गेलं याचा बराचसा अंदाज आहे. माझ्यासारखे निवृत्त लोक आणखीही आहेत. चहा मिळाला तर मानधन नको. मात्र ठरवायचं असेल तर उन्हाळ्यात ठरवा आणि गोदामं पावसाळ्याआधी उघडा. एकदा गळती लागली की वाळवीला आवरता येत नाही, आणि दिवाळीनंतर सगळी कार्यालयं वर्षअखेरीच्या टार्गेटमागे लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कळावे,

आपली,
एक निवृत्त टाइम ऑफिस क्लार्क
मानेवाडा, नागपूर

प्रत माहितीस्तव:
१) भारतीय खान ब्युरो, सिव्हिल लाइन्स, नागपूर
२) कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी कार्यालय, नागपूर, १९४८ चे फॉर्म कुठे ठेवले आहेत ते कळवण्याच्या विनंतीसह